रोज पाय बघायचे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे तिच्या पायाची नखं काढणं.

ती उंच खुर्चीवर बसलेली, मी खाली पाटावर. तिचा डावा पाय माझ्या मांडीवर. सकाळची वेळ, आंघोळ झाल्यावरची. आधी तळवा बघायचा, मग टाच, मग एकेक बोट फाकवून मधली जागा. तिथे ओल राहिली असेल तर फडक्याने टिपायची. मग खोबरेल तेल लावायचं, पण बोटांच्या मध्ये नाही. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात घुसायचं नाही. हे सगळं मला धुळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईने शिकवलं होतं. तीन वर्षांत एक दिवस चुकलो नाही. मला ताप होता तेव्हासुद्धा नाही.

त्या दिवशी अंगठ्याचं नख जाड झालं होतं. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाय डोळ्यांजवळ ओढला.

ती म्हणाली, "इतलं तं तुम्ही कधी बैलनं खूर बी नई दखं."

"बैलाला दुखलं तर तो लंगडतो," मी म्हटलं. "तुझा पाय मुका आहे."

"मी शे ना बोलाले."

"शेजारी गोड चहा प्यालीस का विचारलं की तू पण मुकीच होतेस."

ती हसली. हसताना पाय हलला, नेलकटर चुकता चुकता राहिला आणि मी तिच्यावर ओरडलो. तिच्यावरचं माझं शेवटचं ओरडणं ते.

आमचं घरातलं बोलणं अहिराणी. इथे सगळं तसंच लिहिलं तर बाहेरचे लोक दुसऱ्या पानावर जाणार नाहीत. म्हणून शाळेत शिकलो त्या मराठीत लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली. तिचं बोलणं मात्र कुठे कुठे तसंच राहू देतो. ते बदललं तर ती मला ती वाटत नाही.

आमचं गाव अमळनेरपासून जवळ. कापूस, ज्वारी, थोडी मका. ती लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याबरोबर शेतात. कापूस वेचायला तिच्या पुढे कोणी जात नव्हतं, मीही नाही. पन्नाशीच्या आत तिला शुगर निघाली. गोळ्या चालू झाल्या. गोळ्या ती घ्यायची आणि गोडही खायची. म्हणायची, गोळ्या कशासाठी आहेत मग.

पुढे बऱ्याच वर्षांनी खुबा दुखायला लागला. आधी बोलली नाही. मला दिसलं ते चालण्यात. एका हातात भरलेली बादली असल्यासारखी एका बाजूला झुकून चालायची, हात रिकामा असला तरी. खाली बसली की उठायला दोन माणसं लागायची. चुलीपुढे बसून भाकरी थापणारी बाई. ती खाली बसू शकत नाही म्हणजे तिच्या दृष्टीने घरातून उठल्यासारखंच झालं.

तिळाचं तेल चोळलं. विटा गरम करून शेकलं. शेवटी जळगावची आमची मुलगी येऊन घेऊन गेली आणि फोटो काढला. खुब्याचा गोळा झिजला होता, हाडावर हाड घासत होतं. सांधा बदलावा लागेल, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. मुलीच्या ओळखीतल्या एकाचं हे ऑपरेशन धुळ्याला झालं होतं, त्या डॉक्टरची तारीख घेतली.

आता मी केलेलं सांगतो.

धुळ्याला जायच्या आठ-दहा दिवस आधी ती मला म्हणाली, "डॉक्टर पाय दखी. मन्या टाचा दखा कश्या फुटन्यात. लाज वाटस."

खरंच तिच्या टाचा उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या फाटल्या होत्या. मी म्हटलं, थांब, बिब्बा लावतो. आमच्याकडे भेगांना बिब्बाच. बिब्ब्यात सुई खुपसायची, दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटतं, ते कढत कढत भेगेत सोडायचं. मी जन्मभर माझ्या टाचांना हेच केलं. थेंब पडला की माणूस जागेवरून उडतो, पण भेग मिटते.

ती उडाली नाही. मी एका टाचेवर चार थेंब सोडले. डोळ्याची पापणी हलली नाही. मी म्हटलं, "वाघीण शे तू." तिला बरं वाटलं. मला वाटलं, सोसते आहे. तिला काही कळतच नव्हतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. शुगरने तिच्या पायातलं दुखणं कधीच खाऊन टाकलं होतं.

त्या टाचेला फोड आला, फुटला, आणि आत काळं झालं. तिने चिंधी बांधली आणि मोजे घातले. दुखतच नव्हतं तर कोण बघतो.

धुळ्याच्या डॉक्टरने खुबा तपासला, पाय वर केला, फिरवला, आणि मग मोजा काढला. वासानेच थांबला.

"हे काय आहे अक्का?"

"ते काही नाही साहेब, भेग. दुखत नाही."

"दुखत नाही हेच वाईट आहे. काय लावलं?"

"बिब्बा."

"कोणी लावला?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी बोलायच्या आत ती म्हणाली, "मीच लावला."

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं. "अक्का, हा खुबा असा. तुम्हाला स्वतःची टाच हाताला लागते?"

डॉक्टर माझ्याकडे वळला. मी भिंतीवर हाडांचं चित्र होतं त्याच्याकडे बघत राहिलो. एवढं बारकाईने मी कधी कुठलं चित्र बघितलं नाही.

मग त्याने समजावलं. अंगावर कुठेही उघडी जखम असताना नवीन सांधा बसवता येत नाही. जखमेतले जंतू रक्तात जातात आणि सांध्यात घर करतात. मग तो सांधा काढून टाकायची वेळ येते. शुगरच्या माणसाला ही भीती जास्त. त्यात तिची शुगरही फार वाढलेली निघाली. तिला वाटलं होतं आपण पास होऊ. तिची एक युक्ती होती. तपासणीच्या दोन दिवस आधी भाकरी आणि मेथीची भाजी, बाकी सगळं बंद. इतकी वर्षं ती अमळनेरला अशीच पास होत आली होती. ह्या डॉक्टरने रक्ताची दुसरीच तपासणी केली. त्यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं बाहेर येतं.

डॉक्टर म्हणाला, "अक्का, दोन दिवस तुम्ही शहाण्यासारखं वागलात. बाकीचे दिवस काय केलं ते इथे लिहून आलंय."

ती मला हळूच म्हणाली, "हाई मशीन चुगलखोर शे."

जखम भरू द्या, शुगर खाली आणा, मग या, असं सांगून त्याने परत पाठवलं.

परत येताना एसटीत ती खिडकीकडे बसली. खुबा दुखत होता म्हणून एका कुल्ल्यावर. मी म्हटलं, "खोटं कशाला बोललीस?"

ती म्हणाली, "तुम्हले बोलता ना तो. माले बोलना तं बोलना."

गाडीत बसल्या बसल्या मी मनात ठरवलं, ह्या पायाला परत जखम होऊ द्यायची नाही. माझ्या हाताने झाली, माझ्याच हाताने सांभाळायची. नवस वगैरे नाही केला. नुसतं ठरवलं.

चार महिने लागले. आधी एक दिवसाआड अमळनेरला जाऊन पट्टी करायचो. मग कंपाउंडरने मला शिकवलं आणि मी घरी करायला लागलो. पहिल्या दिवशी तिने पाय मागे घेतला.

"मना पायले हात लाऊ नका. माले पाप लागी."

"पाप मला लागलंय," मी म्हटलं. "तू गप बस."

आमच्याकडे नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांनाच कळेल. ती डोळ्यांवर पदर घ्यायची. मी जखम धुतली, औषध भरलं, पट्टी केली. पट्टी घट्ट बांधायची नाही, असं कंपाउंडरने दहा वेळा सांगितलं होतं. घट्ट बांधलं की रक्त पोचत नाही, आणि पाय सांगत तर नाहीच. माझा हात शेतकऱ्याचा, गाठ मारायची म्हणजे आवळायची एवढंच माहीत. सैल बांधायला शिकायला मला आठ दिवस लागले.

शेजारची म्हातारी कुंपणावरून बघायची. एक दिवस म्हणाली, "आबा, आम्हना म्हातारानी तं कधी पाणीना तांब्या बी नई दिधा."

मी म्हटलं, "मग त्याला बिब्बा लावा."

शुगरचं निराळंच होतं. चाललं की शुगर उतरते, म्हणून चाला, असं सगळे सांगत. खुब्यामुळे चालता येईना. चालणं नाही म्हणून शुगर उतरेना. शुगर उतरत नाही म्हणून खुबा होईना. मी ह्या चक्राला फार शिव्या दिल्या. शेवटी डॉक्टरने इन्सुलिन लावलं. पोटावर सुई टोचायची, रोज. तीही मीच. आणि खुर्चीवर बसून हातात भरलेले तांबे घेऊन वरखाली करायचे, तेवढाच व्यायाम. ती दोन तांबे वरखाली करत बसायची, मला म्हणायची, "दखा, पहेलवान."

घरातली साखर मी काढून टाकली. गूळही. तिच्यापुढे आपण गोड चहा प्यायचा हे जमणारं नव्हतं. बिनसाखरेचा चहा म्हणजे ताप आल्यावर देतात तसलं पाणी. पण प्यालो. आता सवय झाली आहे, आता कोणी गोड दिला तर नको वाटतो.

चुगलखोर मशीनने शेवटी हो म्हटलं. जखम बंद झाली, जागेवर गुलाबी चामडी आली. मी तिला बोटाने दाबून विचारलं, "कळतं का?" म्हणाली, "तुम्हना हात शे एवढं कळस."

ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. जोडव्यांवर अडली. नवरा जिवंत असताना जोडवी काढायची नाहीत. नर्सबाई समजावून थकली. मी म्हटलं, "मी समोर उभा आहे ना जिवंत. बघ." बोटं सुजलेली, जोडवी निघेनात. साबण लावून काढली. खाली चामडीत खोल वळ पडला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर तिथेही जखम झाली असती. मी ती खिशात ठेवली. पुढे अमळनेरच्या सोनाराकडून सैल करून आणली, इतकी सैल की ती म्हणायची, ही जोडवी की बैलाचे घुंगरू.

कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, ती जागी होती. बाहेर आणल्यावर मी विचारलं, भीती वाटली का. म्हणाली, "नई. आत सुतार बसेल व्हतात. ठोका-ठोक, ठोका-ठोक. मी म्हंतं, दार बसाडी राह्यनात का काय."

दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. लोखंडी घोडा, म्हणजे वॉकर, धरून तिने चार पावलं टाकली. सरळ. बाजूला झुकली नाही. बादली हातातून खाली ठेवल्यासारखी. मी बाहेर जाऊन उगाच नळावर तोंड धुतलं.

घरी सोडताना डॉक्टरने नियम सांगितले. खाली बसायचं नाही. मांडी घालायची नाही. पायावर पाय टाकायचा नाही. कमरेत जास्त वाकायचं नाही, सांधा निखळू शकतो. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आबा, आता ह्यांना स्वतःचे पाय दिसणार नाहीत, हात पोचणार नाही. रोज पाय बघायचे. कुठे खरचटलं, फोड आला, लाल दिसलं, तर घरचं काही लावायचं नाही."

'घरचं काही' म्हणताना तो जरा थांबला. मला कळलं.

घरी पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या. संडासात खुर्ची बसवली. चूल उचलून ओट्यावर ठेवली, कंबरेएवढ्या उंचीवर, तिला उभ्याने भाकरी थापता यावी म्हणून. पहिली भाकरी तिने इतकी वाकडी केली की मी विचारलं, हा कुठल्या देशाचा नकाशा. हे सगळं जमलं. एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात नव्हती.

आजारी माणसाला भेटायला लोक येतात. पहिला आला माझा मोठा भाऊ. तिचा जेठ. ती दारात घोड्याला धरून उभी होती. भावाला बघितलं, पदर डोक्यावर घेतला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने वाकली.

मी ओरडलो, "अवं!" असा ओरडलो की भाऊ दोन पावलं मागे गेला. ती अर्ध्यावर थांबली. मी तिला दंडाला धरून सरळ केलं. तिचा चेहरा पडला. जेठ समोर उभा आणि ती ताठ, त्याच्या पुढे खुर्चीवर बसणार, तीही त्याच्यापेक्षा उंच. तिला रडायला आलं.

मग मीच वाकलो. भावाच्या पाया पडलो. म्हटलं, "हे तिचे."

भाऊ म्हणाला, "आणि तुझे?"

"माझे दिवाळीला."

तेव्हापासून तसंच चाललं. कोणी मोठं आलं की ती हात जोडायची आणि मी पाया पडायचो. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस, दिवसातून दोनदा तीनदा वाकायचो. तिच्या माहेरहून तिची मामी आली. मी जावई. जावई मामीच्या पाया पडतो का कुठे? मी वाकलो तर मामी पलंगावर पाय वर घेऊन बसली. "जावईबापू, हाई काय! माले नरकमा धाडतस का?" मी म्हटलं, "हे तुमच्या भाचीचे आहेत, माझे नाहीत." मामीने पाय खाली सोडले, पण तोंड तिकडे फिरवलं. ती खुर्चीवर बसून पदर तोंडात कोंबून हसत होती.

दिवाळीच्या पाडव्याला मात्र अडचण झाली. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते आणि पाया पडते. तिच्या वतीने मी माझ्या पाया कसा पडणार? ती म्हणाली, राहू द्या, मनातून पडते. पण तोंड बारीक. मग मला सुचलं. अंगणातून घरात शिरायला आमचा उंच ओटा आहे, त्याच्या कडेवर जुनं लाकडी स्टूल ठेवलं आणि मी चढलो. ती खाली अंगणात ताठ उभी. माझे पाय तिच्या छातीशी आले. तिने नुसता हात पुढे केला आणि माझ्या पायांना लावून कपाळाला लावला. वाकावं लागलं नाही.

"खाले उतरा, पडशात!" ती म्हणाली. "बठ्ठं गाव दखी राह्यनं."

शेजारची म्हातारी कुंपणावर होतीच. "आबा, तुम्हना तं पुतळाच व्हई गया!"

उतरताना मी खरंच पडत होतो. तिने धरलं. मी तिला धरायचो ती आता मला धरत होती. ते मी विसरलो नाही. पुढचे दोन पाडवेसुद्धा आम्ही असेच केले, फक्त स्टूल बदललं.

ती परत शेतात गेली. मऊ तळव्याचे बंद बूट घालून, सैल मोजे, हातात काठी. कापसाला बोंडं लागली होती. तिने घालायच्या आधी मी बुटात हात घालून बघायचो, खडा आहे का, काटा आहे का. बांधावर तिच्यासाठी एक उंच दगड ठेवला होता. त्यावर बसून ती सगळ्यांच्या कामातल्या चुका काढायची. कोण ओळीतली बोंडं सोडून पुढे गेलं ते तिला दोनशे पावलांवरून दिसायचं. मजूर बाया म्हणायच्या, अक्का खाली बसत होती तेच बरं होतं.

वर्षाने धुळ्याला तपासणीला गेलो. डॉक्टरने खुबा बघितला, मग पाय बघितले. बोटं फाकवून बघितली. म्हणाला, "इतके स्वच्छ पाय मी शुगरच्या माणसाचे कमी बघतो. कोण काळजी घेतं?"

"हेच," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, तो बिब्बा मी लावला होता."

तो कागदावर लिहीत होता, वर न बघता म्हणाला, "आबा, ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

बाहेर आल्यावर ती माझ्यावर चिडली. "काब्रं सांगं? मी खोटी पडनू ना!" मग म्हणाली, दोन केळी घ्या, एक तुम्ही खा आणि अर्धं मला द्या. मी दिलं. अर्धं चालायचं.

आता त्या दिवसाचं.

नखं काढून झाली. मी पाट उचलून ठेवला. तिने उभ्याने भाकरी थापल्या, मी दोन खाल्ल्या. नंतर ती पलंगावर बसली आणि म्हणाली, कसंतरी होतंय, मळमळतंय. कपाळावर घाम. हात लावला तर अंग गार.

मला शिकवलं होतं, इन्सुलिनच्या माणसाला असा घाम आला तर शुगर खाली गेली समजायचं, लगेच गोड द्यायचं. घरात साखर नव्हती. शेजारच्या म्हातारीकडे धावलो, मूठभर आणली, पाण्यात ढवळली आणि तिला पाजली. ती सगळं प्याली. तांब्याच्या तळाला राहिलेली साखर तिने बोटाने काढून चाटली.

"गोड शे," म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. तीन वर्षांत मी तिला स्वतःच्या हाताने पहिल्यांदा साखर दिली होती.

पण घाम थांबला नाही. शुगर मोजायच्या घरच्या मशीनने बोट टोचून बघितलं, शुगर खाली नव्हतीच. मी गाडी बोलावली. अमळनेरच्या वाटेवर तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दुखतं का, विचारलं. मान हलवली, नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती नव्हती. तिथला डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. शुगरच्या माणसाला छातीतलं दुखणंसुद्धा कधी कधी कळत नाही. साखर दिली त्याने काही झालं नाही, असं त्याने मी न विचारताच सांगितलं. मी विचारणार होतो.

म्हणजे पाय मुका होता तसं काळीजही मुकं होतं. पायाकडे मी रोज बघत होतो. काळीज कुठून बघणार?

तिला दुपारीच घरी आणलं. मुलगा सुरतला, तो सकाळी पोचणार होता, म्हणून सगळं सकाळवर ठेवलं. मुलगी जळगावहून आली आणि आईजवळ बसली. बायांनी तिला ओसरीत निजवलं.

सकाळी मुलगा आला. बायांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून एकेक बाई येऊन तिच्या पाया पडत होती. मोठ्या जेठाण्यासुद्धा पडल्या. जन्मभर ही ज्यांच्या पाया पडायची त्याच आता हिच्या पाया पडत होत्या. ही जागी असती तर लाजेने उठून बसली असती.

तेवढ्यात माझी आंघोळ झाली. मी पाट घेतला, चष्मा घेतला, फडकं घेतलं, आणि तिच्या पायाशी जाऊन बसलो.

एक म्हातारी म्हणाली, "आबा, बाईच्या पायाला हात लावू नका. तिला पाप लागेल."

"रोज लावत होतो," मी म्हटलं.

भाऊ मागे उभा होता, तो म्हणाला, "बसू द्या त्याला."

तिच्या दोन्ही पायांचे अंगठे जोडून दोऱ्याने बांधले होते, रीत आहे तशी. दोरा आवळून बांधला होता. चामडीत रुतला होता. मी गाठ सोडली. डावा पाय मांडीवर घेतला. तळवा बघितला, टाच बघितली. बिब्ब्याची जागा गुलाबी होती तशीच. एकेक बोट फाकवून मध्ये बघितलं, आंघोळीचं पाणी राहिलं होतं, ते टिपलं. मग उजवा. तेल लावलं, बोटांच्या मध्ये नाही. कुठे फोड नव्हता, खरचटलं नव्हतं, लाल नव्हतं. जाड नख कालच कापलं होतं, ते सरळ होतं.

मग अंगठे परत जोडले, आणि दोरा बांधला. सैल बांधला.